उजवा पाय आधी

माझा उजवा गुडघा अर्धा बदललेला आहे. आतल्या बाजूला धातू बसवलाय, बाहेरची बाजू माझी स्वतःची. ऑपरेशन झालं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावात पूर्ण गुडघा बदललेला माणूस कोणी पाहिला नव्हता, तिथे अर्धा म्हणजे काय हे कोणाला कळणार? जाऊ हॉस्पिटलात भेटायला आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आर्धाच का गो? उरलेला दिवाळीला बसवनार का?"

"उरलेला तुझ्यासाठी ठेवलाय," मी म्हटलं.

डॉक्टरने मला नीट सांगितलं होतं. आयुष्यभर भाताच्या चिखलात वाकून आणि चुलीपुढे उकिडवं बसून गुडघ्याची आतली बाजू झिजली होती. बाहेरची बाजू शाबूत होती, मग ती कशाला काढायची? मला ते पटलं. फाटलं तिथेच ठिगळ लावतात.

माझं घर वांगणीच्या पलीकडे, स्टेशनापासून बांधावरून चालत जायचं. नवरा गेल्यापासून मी एकटीच राहत होते. एकाच छपराखाली दोन घरं, एक माझं आणि एक जावेचं. मुलगा अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला आणि राहायला उल्हासनगरात, कॅम्प एकला. सून एका शाळेच्या ऑफिसात. त्यांचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, वरती गच्ची. लिफ्ट नव्हती. ऑपरेशननंतर बरं वाटेपर्यंत मी तिथे राहायचं असं ठरलं. बरं वाटेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, ते कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी चार जणांनी मला लाकडी खुर्चीत बसवून वर नेलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली की मी भिंतीला नखं लावायची. त्यातला एक जण म्हणाला, "आजी, भिंत सोडा, आम्हाला धरा." मी भिंत सोडली नाही. खुर्ची दाराशी ठेवली आणि सून भाकरतुकडा ओवाळून म्हणाली, "आई, उजवा पाय आधी टाका." मी टाकला. कळ डोक्यात गेली. पण घरात शिरताना उजवा पाय आधी, हे काय मला शिकवायला लागतं?

जिना कसा चढायचा ते हॉस्पिटलात शिकवलं होतं. व्यायामाच्या खोलीत लाकडाच्या चार-दोन पायऱ्या होत्या, कुठेच न जाणाऱ्या. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणायची, "चढताना चांगला पाय वर. त्याच्यावर वजन घ्या, मग ऑपरेशनचा पाय त्याच पायरीवर आणा. उतरताना उलटं, ऑपरेशनचा पाय आधी खाली." म्हणजे अंग उचलायचं काम नेहमी चांगल्या पायाने करायचं. मी तिथे बरोबर करायची. ती म्हणायची, "मावशी, तुम्ही तर पहिल्या नंबराने पास." मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे पास झाल्याचं मला बरं वाटायचं.

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी मुलाला म्हटलं, "मला गावाला सोड."

तो म्हणाला, "आई, तिकडे विहिरीची चढण आहे, बांध आहेत. पडलीस तर कोण बघणार? तू एकटी खाली उतर, एकटी वर चढून ये. मला दाखव. त्याच दिवशी मी तुला सोडून येतो."

बोलणं रास्त होतं. मी म्हटलं, "ठरलं."

पहिल्यांदा उतरले तेव्हा सून रजेवर होती, मागे उभी राहिली. उतरणं जमलं. घाम फुटला, पण दुखणं सोसण्यासारखं होतं. खाली रस्त्यावर जरा उभी राहिले, पापडाच्या दुकानाचा हिंगाचा वास घेतला आणि परत फिरले. आणि चढताना माझा जीव गेला. प्रत्येक पायरीला उजवा गुडघा आतून कोणी चिमट्यात धरावा तसा व्हायचा. गुडघा वाकवायची भीती वाटून मी पाय ताठ ठेवून बाहेरून गोल फिरवून वर ठेवायला लागले. कंबर एका बाजूला उचलली जायची. कठडा दोन्ही हातांनी ओढत होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये कठडा तुटलेला होता, तिथे पायरीवर हात टेकले. दुसऱ्या मजल्यावरची सिंधी शेजारीण दार उघडून बाहेर आली. तिने मला बघितलं आणि आत जाऊन स्टूल आणलं. "मासी, बैठो. ये क्या हाल किया है?" मी बसले. परत उठायची इच्छा नव्हती.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

मग आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा. पुन्हा तेच. उतरले की ठीक, चढले की सूज. मुलगा मला हॉस्पिटलात घेऊन गेला. गाडी दारात आणली आणि परतताना पुन्हा खुर्ची. डॉक्टरने फोटो काढला. सगळं जागच्या जागी. त्या मुलीने लाकडी पायऱ्यांवर चढायला लावलं. मी चढले, उतरले, काही दुखलं नाही. ती मुलाला बाजूला घेऊन बोलली, पण मला ऐकू आलं, "गुडघा छान आहे. मावशी जरा घाबरतात."

घाबरतात! मी विंचू हाताने उचलून टाकलेली बाई. पण तिथे चढले होते हे तर खरंच होतं.

त्यानंतर मी उतरणं सोडलं. म्हटलं, अर्धा बदलला तो वाया गेला. मुलगाही त्याच मताचा झाला, पण तोंडाने बोलायचा नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा दिवस कसा असतो सांगते. सकाळी दोघं कामावर जातात. दार बाहेरून नुसतं ओढून घेतात, कुलूप नाही, पण माझ्या दृष्टीने कुलूपच. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत, इतकी जवळ की त्यांच्या कुकरची शिट्टी आपल्या घरात झाल्यासारखी वाटायची आणि मी उठून गॅस बघून यायची. खाली कोणी भांडलं तर बरं वाटायचं. दुपारी नळाला पाणी यायचं, कधी एकला, कधी तीनला, थोडाच वेळ. तेवढ्यात दोन पिंपं, हंडे, कळश्या, बाथरूमची बादली, सगळं भरून घ्यायचं. म्हणून दुपारी झोपायचं नाही. नळाखाली रिकामी कळशी लावून ठेवायची आणि कान तिकडे. नळ आधी सूं सूं करतो, मग थुंकतो, मग पाणी सोडतो. मी कळशी उचलत नव्हते, नळाला पाइप लावून पिंपात सोडायची. बसून बसून केलेलं ते एकच काम.

गावाकडची बातमी मुलगा आणायचा. एकदा म्हणाला, "काकी म्हणाली, तुझी पडवी रिकामी आहे म्हणून दोन शेळ्या बांधल्यात."

"कोणाला विचारून?"

"अगं, शेळ्याच आहेत. उन्हाच्या बांधल्या."

पुढच्या वेळी म्हणाला, काकीने लाकडं माझ्या घरात रचली, पावसात भिजायला नकोत म्हणून. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, काकी विचारते, चूल वापरात नाही तर तिथे कोंबड्यांचं खुराडं ठेवू का?

ती चूल मी स्वतः घातली होती. माती मीच आणली, मीच मळली. मी मुलाला म्हटलं, "तिला सांग, चुलीला हात लावलास तर तिथे येऊन हात मोडीन."

मुलगा हसला. "येणार कशी? खाली तर उतरत नाहीस."

तो चेष्टेने म्हणाला. पण मला कळलं की हे असंच चालणार. आज शेळ्या, उद्या कोंबड्या, आणि एक दिवस ते घर माझं होतं हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही. कोणी हिसकावून घेणार नव्हतं. मी वर बसून राहिले की ते आपोआप जाणार होतं.

उन्हाळा लागला आणि सिंधी शेजारणीचे पापड सुरू झाले. ती ते लाटून गच्चीवर वाळत घालायची आणि एका दुकानाला द्यायची. कावळ्यांनी तिला हैराण केलं होतं. एक दिवस वर आली आणि दारातूनच म्हणाली, "मासी, दिनभर अकेली बैठती हो, ऊपर चलो ना. हवा खाओ, कौवे उडाओ. एक पापड रोज मजुरी."

"माझा गुडघा?"

"अर्धा तो नया है ना! नये वाले से चढो."

मी गेले. गच्चीचा जिना आमच्या दारासमोरूनच वर जायचा. तिने माझा हात धरला होता, पण निम्म्यात सोडला, कारण तिच्या डोक्यावर पापडांची परात होती. मी चढून गेले. काठी घेऊन सावलीला बसले आणि दुपारी पाण्याच्या वेळेला उतरून आले. गुडघा सुजला नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. रोजच जायला लागले.

हे सुनेला कळायला वेळ लागला नाही. एका शनिवारी ती लवकर घरी आली आणि मी गच्चीवरून उतरताना दिसले. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "वर जायला गुडघा दुखत नाही. खाली जाऊन यायलाच दुखतो. असा कसा हो आई तुमचा गुडघा?"

"मला काय माहीत?"

"नाही, म्हणजे माणसं उगाच खुर्ची उचलून दमतात, म्हणून म्हटलं."

मुलाला त्या दिवशी सुट्टी होती, तो आत पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं. मला नुसती खुर्चीत मिरवायची हौस आहे, असं.

त्या दिवशी मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. ती खोटं काय बोलली होती? मलाच नवल वाटत होतं. जिना एकच. त्याच गवंड्याने बांधलेला, पायऱ्या तशाच ओबडधोबड, उलट गच्चीच्या जरा उंचच. मग हा गुडघा वर एक आणि खाली एक असं कसं करतो?

सोमवारी दोघं गेल्यावर मी लुगडं जरा वर खोचलं आणि गच्चीच्या जिन्याशी उभी राहिले. पायांकडे बघत चढले. डावा वर, उजवा त्याच्याजवळ. डावा वर, उजवा जवळ. हॉस्पिटलातल्यासारखं. अंग जरा पुढे झुकवायचं, डाव्या मांडीने उचलायचं, उजवा नुसता मागून येतो. वरून उतरले, उजवा आधी. काहीच चूक नाही.

मग शेजारणीला हाक मारली आणि खाली जायला निघाले. ती पुढे चालली. उतरताना उजवा आधी, ठीक. रस्त्यावर पोचलो. परत फिरलो. आमच्या बिल्डिंगच्या तोंडाशी संगमरवराचा उंच उंबरा होता, गटार तुंबलं की पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला. माझी नजर पायावर होती. उजवा पाय उचलला गेला आणि उंबऱ्यापलीकडे पडला. डावा त्याच्याजवळ आला. पुढे लगेच पहिली पायरी. पुन्हा उजवा वर. डावा जवळ. उजवा वर.

मी थांबले.

"क्या हुआ मासी? दर्द?"

"थांब जरा," मी म्हटलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते. एकदा शेतावरून डोक्यावर भारा घेऊन आले आणि घाईत डाव्या पायाने घरात शिरले. सासूने मला भाऱ्यासकट परत बाहेर पाठवलं. अंगणात जाऊन, वळून, उजव्या पायाने पुन्हा आत ये. तशी ती मला कितीदा तरी फिरवायची. पुढे ती गेली, पण मला कधी सांगावं लागलं नाही. घरात, खळ्यात, दुसऱ्याच्या दारात, कुठेही उंबरा दिसला की उजवा पाय आपोआप उचलतो. मी उचलत नाही, तोच उचलतो. आणि एक-एक पायरी चढणाऱ्या माणसाचा जो पाय पहिला पडतो तोच शेवटपर्यंत पुढे राहतो. उंबऱ्याला उजवा पडला की तिसऱ्या मजल्यापर्यंत उजवाच. सगळं अंग उचलायचं काम मी त्या अर्ध्या बदललेल्या गुडघ्याला लावत होते. हॉस्पिटलात उंबरा नव्हता. गच्चीला उंबरा नव्हता. म्हणून तिथे माझा पाय शहाणा होता.

आणि आमच्या घरात ते कोणाच्या डोळ्यावर येणार? सून मागून बघत होती, पण तिलाही लहानपणापासून उजवाच माहीत.

मी बाहेर रस्त्यावर आले आणि डावा पाय उंबऱ्यावरून टाकायला गेले. पाय हवेत थांबला. खरं सांगते, पडलाच नाही. पुन्हा मागे आले. पुन्हा उजवाच उचलला. दुकानवाला बघत होता. शेजारीण म्हणाली, "मासी, नाच रही हो क्या?"

मी तिला सांगितलं. आधी तिला समजेना, मग ती इतकी हसली की कठड्याला धरून बसली. म्हणाली, "तो दरवाजे पे दायाँ रखो, अंदर आके रुको, फिर बायाँ. भगवान को कौनसी जल्दी है?"

तसंच केलं. उंबरा उजव्याने ओलांडला. आत दोन्ही पाय जोडून उभी राहिले, श्वास घेतला, आणि आता जिना नवीन सुरू होतोय असं मनाला सांगून डावा वर टाकला. प्रत्येक मजल्यावर दम घेऊन निघताना पायाकडे बघायची, कारण तिथे पाय पुन्हा बदलायचा प्रयत्न करायचा. तुटलेल्या कठड्यापाशी भिंतीला तळवा टेकला. घरी पोचले. वाट बघितली. संध्याकाळ झाली, गुडघा नुसता कोमट. सुजला नाही.

मी कोणाला काही बोलले नाही. रोज दुपारच्या पाण्याआधी एकदा खाली जाऊन यायची. पुढे पुढे तर काही पायऱ्या एक पाय इथे, दुसरा पुढच्या पायरीवर अशा चढायला लागले, साध्या माणसासारख्या. त्यात उजवा वाकतो, भार घेतो, आणि आतल्या बाजूला दुखत नाही. धातू आपलं काम करत होता. मीच त्याला भलत्या वेळी भलतं काम दिलं होतं.

रविवारी मुलाला म्हटलं, "खाली चल." तो मागे यायला लागला, मी म्हटलं, "मागे नको, पुढे जा. खालून बघ." मी उतरले, रस्त्यावर गेले, परत आले, चढले. घरात आल्यावर माठातलं पाणी प्यायले आणि त्याला म्हटलं, "ठरल्याप्रमाणे."

तो खुश दिसला. खोटं नाही सांगत, खरंच खुश दिसला. मग म्हणाला, "आई, आता पाऊस येईल. चिखलात कुठे जातेस? पाऊस संपू दे, मग बघू."

"त्याच दिवशी सोडतो म्हणाला होतास."

"अगं, म्हणालो होतो. पण घाई काय आहे? इथे काही कमी आहे का तुला?"

मी इकडे तिकडे बघितलं. मला वाटत होतं की मला जिन्याने अडवलंय. जिना तर चढून झाला होता. मुलगा पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभा होता.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या तोंडावर लपवाछपवी नसते, हे मला तिचं आवडतं. म्हणाली, "मी सांगते. आई गेल्या तर दुपारचं पाणी कोण भरणार? आम्ही दोघं सहा वाजता येतो. पाण्याशिवाय या घरात राहायचं कसं?"

मुलगा म्हणाला, "तसं नाही गं..."

"तसंच आहे," ती म्हणाली.

एवढे महिने मला वाटत होतं की त्यांना माझी काळजी आहे. काळजी असेलही. पण मी त्या घराचा नळ धरून बसलेली बाई होते, हे कोणीतरी तोंडाने बोललं. मला राग आला नाही. बरं वाटलं. काळजीला काय उत्तर देणार? पाण्याला उत्तर देता येतं.

मी खाली गेले. दुसऱ्याच मजल्यावर तर जायचं होतं. शेजारणीला विचारलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "चाबी दे दो. मेरा नल और तुम्हारा नल साथ ही आता है. दस कदम का काम है. पर मासी, मेरे कौवे कौन देखेगा?"

"तुझा नवरा काय करतो दिवसभर?"

"वो? उसको देखके तो कौवे और आते हैं."

वर येऊन मी किल्लीचं सांगितलं. सून म्हणाली, "चालेल." मुलाने माळ्यावरून माझी पिशवी काढली.

दोन दिवसांनी त्याने मला नेलं. वांगणीला उतरून स्टेशनाबाहेर रिक्षा केली, ती बांधापर्यंत गेली. पुढे चाललो. त्याने दोनदा हात पुढे केला, मी एकदा धरला, ओढ्यापाशी.

पडवीत शेळ्या होत्या. दोन नाही, चार. लेंड्या सगळीकडे. जाऊ तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"आली का गो बाय? मला वाटलं, आता तिकडंच ऱ्हातीस."

"शेळ्या सोड आधी."

"आगो, बस तरी. पानी पी."

"शेळ्या सोडल्या की पिते."

तिने कुरकुर करत सोडल्या. लाकडं तशीच होती, ती मी राहू दिली, मलाच लागणार होती. चुलीपाशी खुराडं नव्हतं, पण चूल एका बाजूने ढासळली होती. मुलाने घर बघितलं, छप्पर बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आई, दोन दिवस राहा. हौस भागली की मी घ्यायला येतो."

"नको येऊस."

"येतो मी."

तो गेल्यावर मी लेंड्या झाडल्या. उकिडवं बसता येत नव्हतं, आजही येत नाही. म्हणून जावेकडून पाट मागून घेतला आणि त्यावर बसून चुलीची ढासळलेली बाजू मातीने भरली.

दोन दिवसांनी तो आला. भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, चूल अजून ओली आहे म्हणून धूर फार होतोय असं म्हणाला, आणि पाऊस पडायच्या आत एकटाच परत गेला.